चाकोरी, वहिवाट आणि परतीचा महामार्ग

मराठीच्या प्राध्यापकाला ‘चाकोरी’ हा शब्द वर्षातून किती वेळा वापरावा लागतो, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. उत्तरपत्रिकेच्या समासात ‘चाकोरीबद्ध मांडणी’, पुस्तकपरीक्षणात ‘चाकोरीबाहेरचे लेखन’ आणि चर्चासत्राच्या समारोपात ‘चाकोरी मोडणारा कवी’. पहिल्या प्रयोगात दोष असतो, पुढच्या दोहोंत गौरव. सवय अशी की, चाकोरी म्हणजे मुळात बैलगाडीच्या चाकांनी मातीत पडलेली दुहेरी घळ, हे मुद्दाम आठवावे लागते. माझी पिढी वर्धा जिल्ह्यातल्या गावांत वाढली, तेव्हा ती घळ रोज पायाखाली होती. तरीही एम.ए.च्या वर्गात हा शब्द ऐकताना कोणाच्याही डोळ्यांपुढे चाक आले नाही, एवढे खरे.

हा शब्द पुन्हा त्याच्या मूळ अर्थाने भेटला तो एका अगदीच वेगळ्या निमित्ताने. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही चार मित्र इगतपुरीच्या पलीकडे डोंगरात ‘ऑफ-रोडिंग’ला गेलो होतो. आमच्यापैकी प्रत्येक जण चाळिशी ओलांडलेला. वीस-बावीस वर्षांपूर्वी आम्ही वर्ध्याहून रेल्वेच्या पासवर नागपूरला जाऊन मराठीत एम.ए. केले. पुढे मराठीच्या नोकरीत मी एकटाच उरलो. एक वकील झाला, एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि चौथ्याने वडिलांचे कृषी केंद्र सांभाळले. थार त्याची. बियाणे-खतांच्या उधारीतून सवड काढून तो वर्षातून एकदोनदा अशा चिखलात गाडी घालून येतो. या वेळी त्याने आम्हालाही ओढून नेले.

‘ऑफ-रोड’ला मराठी प्रतिशब्द काय, यावर जातानाच वाद झाला. शिक्षकमित्राने ‘आडवाटेने’ सुचवले. ते बरे आहे, पण आडवाट ही अखेर वाटच असते. मी ‘चाकोरीबाहेर’ म्हटले, आणि म्हणताक्षणी सर्वांनाच ते शब्दशः बरोबर वाटले. मात्र प्रत्यक्ष चिखलात उतरल्यावर ध्यानात आले की, हा खेळ चाकोरीवर कमालीचा अवलंबून असतो.

या खेळाची रीत अशी. उतरण्यापूर्वी चारही चाकांतली हवा कमी करायची. बत्तीसच्या आसपास असते ती अठरा-वीसवर आणायची. त्यामुळे टायर जमिनीवर पसरतो, भार विभागला जातो आणि चाक रुतण्याऐवजी मातीला धरते. चारही चाकांना शक्ती द्यायची, गिअर ‘लो रेंज’मध्ये टाकायचा, म्हणजे वेग मरतो आणि ओढ वाढते. एकट्याने जायचे नाही, निदान दोन गाड्या हव्यात. एक रुतली तर दुसरीने विंचने किंवा दोराने ओढायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकाने खाली उतरून गाडीपुढे चालायचे. चालकाला बॉनेटच्या पुढचे चार-पाच हात दिसत नाहीत. पुढचा माणूस हाताने दाखवतो: डावे चाक त्या दगडावर, उजवे जुन्या घळीच्या काठावर. चालकाने स्वतःचे डोळे बाजूला ठेवून त्याच्या हातावर विश्वास टाकायचा असतो. आपल्या भाषेत या माणसाला ‘वाटाड्या’ असा नेमका शब्द आहे. तो सध्या प्रवासवर्णनांतच उरला आहे.

तो पुढचा माणूस सतत पाहत असतो ते आधी गेलेल्या गाड्यांची चाके कुठून गेली ते. घळ खोल असेल तर गाडीचे पोट टेकते, म्हणून काठाने जायचे. उथळ असेल तर तीच सर्वांत भरवशाची, कारण खालची माती दबून घट्ट झालेली असते. म्हणजे चाकोरी वाचता येणे हेच या खेळातले कौशल्य. तिच्याबाहेर जायचे की आत राहायचे, हा निर्णय ती वाचल्यावरचा.

आमची गाडी एका ओहोळातून वर आली तेव्हा काठावरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. कृषी केंद्रवाला मित्र काच खाली करून म्हणाला, “आमच्या पांदणीतून खताची बंडी बाहेर काढली तवा कोणी टाळ्या नाही वाजवल्या बे.”

आम्ही हसलो खरे. पण त्या एका वाक्याने दिवसभराच्या मौजेला दुसरी बाजू दिली. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर, पांदण म्हणजे गावातून वावरांकडे जाणारी, दोन्ही अंगांना झुडपे वा धुरे असलेली वाट. इतरत्र तिला पाणंद म्हणतात. उन्हाळ्यात ती फुफाट्याची असते आणि पावसाळ्यात काळ्या मातीची. ही काळी कापसाची जमीन पाणी पिऊन फुगते, चिकट होते आणि चाकाला थर चढवत जाते. बंडीचे चाक अरुंद, त्यावर लोखंडी धाव. ती सुरीसारखी खाली उतरते. अडलेल्या बंडीला दुसऱ्याची बैलजोडी पुढे जुंपून बाहेर काढायची, हीच इथली विंच. खत, बियाणे, कापूस, आजारी माणूस आणि अडलेली बाळंतीण या सर्वांना त्याच चिखलातून जावे लागे, आणि जिथे पांदणीवर अजून खडी पडलेली नाही तिथे आजही जावे लागते. राज्य शासनाने 2021 मध्ये शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाने वेगळी योजना काढली, यावरूनच या प्रश्नाचे वय कळावे.

आमच्या जिल्ह्याला याची एक जुनी गोष्ट ठाऊक आहे. एप्रिल 1936 मध्ये गांधीजी वर्ध्याहून शेगावला राहायला गेले. त्याचे 1940 मध्ये सेवाग्राम झाले. अंतर जेमतेम आठ किलोमीटर, पण वाट पावसाळ्यात मोटारीच्या कामाची नव्हती. जमनालाल बजाज यांच्याकडच्या जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपून पाहुण्यांची ने-आण होई आणि त्या वाहनाला थट्टेने ‘ऑक्सफर्ड’ म्हणत, असे वर्ध्यात अजूनही सांगतात. देशभरातून नेते यायचे आणि त्यांना बैलांच्या चालीने, चाकोरीतून जावे लागायचे. ऑफ-रोडिंगची आमच्या जिल्ह्यातली ही बहुधा सर्वांत प्रतिष्ठित हकीकत.

परतीच्या प्रवासाची तयारी म्हणजे चाकांत पुन्हा हवा भरणे. ते आळसाने टाळले तर कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो. शिक्षकमित्र प्रत्येक चाकाशी मापक घेऊन बसला आणि चारही आकडे मोठ्याने वाचून दाखवले, मगच आम्ही निघालो. दुपारी चारच्या सुमारास चिखलाने माखलेली गाडी समृद्धी महामार्गावर चढली.

हा रस्ता आता सर्वांना माहीत आहे. 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला आणि 5 जून 2025 रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा. मिळून 701 किलोमीटर, दहा जिल्हे. मोटारीला ताशी 120 किलोमीटरची मुभा. दुचाकी, तीनचाकी यांना बंदी. बैलगाडीचा तर प्रश्नच नाही. आम्हाला त्यातले साडेपाचशेहून अधिक किलोमीटर कापायचे होते. पूर्वी वर्ध्याहून नाशिककडे जायचे तर रात्रभराची रेल्वे. आता संध्याकाळी निघून मध्यरात्री घरी. ही सोय लहान नाही. मुंबईत उपचार घेणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक आणि पुण्यात शिकणारी मुले यांना विचारावे. रस्त्याला नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही.

पण हा रस्ता एक विचित्र गोष्ट करतो. तो गावे चुकवत जातो. गोदावरी ओलांडली तेव्हा मला ‘स्थानपोथी’ आठवली. चक्रधरस्वामी जिथे जिथे थांबले, बसले, निजले, त्या त्या गावांची, देवळांची, दारे कोणत्या दिशेला होती याचीसुद्धा नोंद ठेवणारा हा महानुभावीय ग्रंथ. आपण तो बहुधा यादवकालीन वास्तूंच्या अभ्यासाचे साधन म्हणून वापरतो. त्या संध्याकाळी वाटले की, ती पायी चालणाऱ्याच्या भूगोलाची वही आहे. पायी जाणाऱ्याला प्रत्येक गावात काही ना काही घडते. त्याचे ‘लीळाचरित्र’ होऊ शकते. आमच्या प्रवासात वैजापूर, जालना, सिंदखेडराजा, मेहकर ही नावे हिरव्या पाट्यांवर आली आणि गेली. कुठे कोणी पाणी विचारले नाही, कुठे वास बदलला नाही. भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच शिवाराचे दोन तुकडे मात्र अंधार पडेपर्यंत दिसत होते.

त्या तुकड्यांवरून वकिलाने ‘वहिवाट’ काढली. तालुक्याच्या ठिकाणी त्याच्याकडे येणाऱ्या कामांत वाटांचे तंटे कायमचे. त्याने सांगितले ते असे. पिढ्यानुपिढ्या वापरातली वाट कोणी नांगरली, काट्या टाकून अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वाट मुळातच नसेल तर जमीन महसूल संहिता 1966 चे कलम 143. त्याखाली शेताच्या सीमेवरून नवी वाट मागता येते. पहिल्या प्रकारात पुरावा काय, असे मी विचारले. तो म्हणाला, “तहसीलदार मौक्यावर येतात. चाकोरी दिसते का पाहतात. जुनी माणसं सांगतात. बस.”

मला हे विलक्षण वाटले. कायद्याच्या लेखी चाकोरी म्हणजे हक्काचा पुरावा आहे. कोणीतरी पुष्कळ वेळा इथून गेले होते, हे जमिनीने लिहून ठेवलेले असते. मग मनात इतर शब्द येऊ लागले. ‘पायंडा’ पावलांतून येतो. ‘वहिवाट’ आणि ‘मळलेली वाट’ यांत तर वाटच आहे. म्हणजे मराठीने रूढी, प्रथा, परंपरा यांसाठी घडवलेले कितीतरी घरगुती शब्द डांबर नसलेल्या जमिनीवरून उचललेले आहेत. अनेकांनी जाऊन जाऊन जे घट्ट झाले ते प्रमाण, असा त्यामागचा विचार. आपण समीक्षकांनी यांतल्या बहुतेक शब्दांना तुच्छतेचा अर्थ दिला. ‘मळलेली वाट’ म्हणजे कंटाळवाणी वाट. मळली कशी आणि कोणाच्या पायांनी, हा प्रश्न मागे पडला.

नवतेला माझा विरोध आहे असे कोणी समजू नये. मर्ढेकरांचे ‘काही कविता’ 1947 मध्ये आले तेव्हा त्याने मराठी कवितेची दिशा पालटली, हे आपण सारे शिकवतो. परंतु त्या कवितेतला बराच मजकूर ओवी-अभंगांच्या जुन्या चालीवर चालतो, हे आपण टिपेत सांगून मोकळे होतो. यंत्रयुगाचा अनुभव त्यांनी वारकऱ्यांच्या वाटेवरून आणला. ती चाकोरी त्यांना वाचता येत होती, म्हणून काठाकाठाने जाता आले. ज्याला ती दिसतच नाही त्याच्या ‘चाकोरीबाहेर’ जाण्याला फारसा अर्थ नसतो. तो नुसता वावरात शिरलेला असतो.

अंधार पडल्यावर गप्पा कमी झाल्या. सिंदखेडराजा मागे पडले. पिंपळखुट्याचा परिसर आला तेव्हा शिक्षकाने संगीत बंद केले. 1 जुलै 2023 च्या पहाटेपूर्वी इथे नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी गेले. त्यांत आमच्या वर्धा जिल्ह्यातलेही होते. पुण्यात शिकायला, नोकरीला निघालेली तरुण मुले होती. त्यानंतर ‘महामार्ग संमोहन’ हा शब्द वर्तमानपत्रांतून वाचायला मिळाला. सरळ, एकसारखा, वळणे आणि अडथळे नसलेला रस्ता बघत राहिल्याने डोळे उघडे असून मेंदू झोपू लागतो, असा त्याचा आशय. दिवसभर ताशी पाच किलोमीटरने, चारही माणसे टक्क जागी ठेवून आम्ही गाडी हाकली होती. आता ताशी 110 च्या पुढे होतो, आणि मागच्या आसनावर वकील पेंगत होता.

चालक मित्राने जालन्यापासून कोणाच्या हाती गाडी दिली नव्हती. त्याचे बोलणे एकेका शब्दावर आले होते. आमच्या वयाच्या पुरुषांत ‘तू थकला आहेस’ हे वाक्य सहजासहजी उच्चारले जात नाही. त्यात आपुलकीपेक्षा आक्षेप अधिक ऐकू येतो. शेवटी शिक्षकाने विचारले, “तुले झोप येऊन राहिली का?”

“मले काही होऊन नाही राहिलं.”

“मंग मागच्या पाटीवर काय लिहिलं होतं सांग.”

तो गप्प राहिला. मग म्हणाला, “चहा घ्या लागते म्हणा की सरळ.” पुढच्या थांब्यावर गाडी वळली. चहा झाला, त्यानंतर तो आसन मागे टाकून पाऊण तास निजला आणि आम्ही तिघे गाडीला टेकून उभे राहिलो. नागपूरच्या पॅसेंजरमधल्या जुन्या गोष्टी निघाल्या. कोणाला घाई नव्हती. पुढचे सारथ्य शिक्षकाने केले. मी त्याच्या शेजारी बसलो. बोलत राहणे एवढेच माझे काम होते आणि प्राध्यापकाला ते जमते. दिवसा गाडीपुढे चालणारा माणूस जे करत होता, तेच हे होते, फक्त आता गाडीच्या आत बसून. महामार्गावर वाटाड्या लागत नाही असे म्हणतात. लागतो, तो शेजारी बसतो.

कारंजा, धामणगाव अशी ओळखीची नावे येऊ लागली. वर्धा नदी ओलांडली की जिल्हा सुरू होतो. विरूळ गेले, येळाकेळीला आम्ही महामार्ग सोडला. गतिरोधक आला, कुत्री आली, रस्त्याच्या कडेला उभी असलेली बंडी आली. इथून जवळच धाम नदी. हीच पुढे पवनारला विनोबांच्या आश्रमापाशी जाते. तिथून 8 मार्च 1951 रोजी विनोबा हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला पायी निघाले आणि महिन्याभराने पोहोचले. तिथले संमेलन आटोपून पुढे चालताना 18 एप्रिलला ते पोचमपल्लीत थांबले, गावातल्या भूमिहीनांनी जमीन मागितली आणि भूदान सुरू झाले. वेगाने गेले असते तर तो प्रश्न त्यांना भेटलाच नसता. आम्हाला तेवढे भाग्य नको होते. पण पाऊण तास थांबण्याचे मोल त्या रात्री समजले होते.

हे सारे लिहिण्याचे खरे कारण सेलसुरा आहे. 24 जानेवारी 2022 च्या रात्री देवळीहून वर्ध्याकडे येताना सेलसुऱ्याच्या पुलावरून एक मोटार खाली कोसळली आणि वैद्यकीय शिक्षण घेणारी सात मुले जागीच गेली. मित्र मित्र मिळून परत येत होते, आमच्यासारखेच. वसतिगृह थोड्याच अंतरावर होते. त्यांच्याविषयी तेव्हा पुष्कळ बोलले गेले, त्यात उपदेशच फार होता. मी त्यांना ओळखत नव्हतो; पण त्या आठवड्यात माझ्या वर्गात एकही मूल मोठ्याने बोलले नाही, हे आठवते.

चाकोरीबद्दल मला एक गोष्ट आजवर सुचली नव्हती. एकदाच गेलेल्या गाडीची फक्त खूण उमटते, आणि ती पहिल्या पावसात पुसली जाते. चाकोरी पडते ती जाऊन परत आलेल्या आणि पुन्हा गेलेल्या गाड्यांनी. त्या शब्दात घरी येणे आहे. काँक्रीटवर चाकाची खूण राहत नाही. मागून येणाऱ्याला पुढे कोण गेले, कुठे डगमगले, काहीच कळत नाही. तिथे एकमेकांना सांगावे लागते. म्हणून पुढच्या सत्रात मुले सहलीला किंवा कुठे लग्नाला गाडी घेऊन निघतील, तेव्हा मी ‘सावकाश जा’ एवढेच म्हणून थांबणार नाही. चालवणाऱ्याच्या शेजारी कोण बसणार आहे आणि तो रात्रभर जागा राहील का, हे विचारेन.